चार रुपये आणि एक साडी

आमच्या महिला मंडळात २२ फेब्रुवारीला कस्तुरबांची पुण्यतिथी करायची असं ठरलं, तेव्हा खरं सांगते मैत्रिणींनो, मला जरा टेन्शनच आलं होतं. हळदीकुंकू असलं, पाककृती स्पर्धा असली की हॉल भरतो. पुण्यतिथीला कोण येणार? फोटोला हार, दोन भाषणं आणि चहा, एवढ्यावरच उरकणार अशी माझी खात्री होती. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एका आजींचा निरोप आला. माळ्यावर त्यांच्या सासूबाईंचा पेटीचरखा कित्येक वर्षं पडून होता, हवा तर घेऊन जा म्हणाल्या.

आणला. दिसायला अगदी हार्मोनियमच्या लहान भावासारखा. झाकण उघडलं की आत दोन लाकडी चाकं, एक मोठं, एक लहान. त्यांना फिरवणारी दोरी, म्हणजे माळ, कुजून गेलेली. आणि चाती गंजलेली. चाती म्हणजे ती बारीक लोखंडी सळई, जिच्या टोकावर सूत तयार होतं आणि जिच्यावरच ते गुंडाळलं जातं. रॉकेल लावून चाती घासली, गोफाची नवी माळ घातली, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणला आणि काडीवर लाटून पेळू केले.

मग आमची गंमत सुरू झाली. बी.ए. झालेली मी, शिवणकामात पटाईत असलेली आमची सेक्रेटरी, दोघी कॉलेजच्या मुली, सगळ्यांनी करून पाहिलं. उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हातातला पेळू चातीपासून हळूहळू लांब न्यायचा. चाक एकदा फिरलं की चाती कितीतरी वेळा गरगरते, कापसाला पीळ बसतो आणि धागा निघतो. हात पुरता लांब झाला की चाक किंचित उलटं फिरवून धागा मोकळा करायचा आणि पुन्हा सरळ फिरवून चातीवर भरायचा. सांगायला दोन ओळी! प्रत्यक्षात डावा हात घाई करतो, उजवा आळस करतो आणि धागा तटकन तुटतो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टकळी फिरवली होती, तेव्हाही माझं सूत म्हणजे एकीकडे शेवई आणि दुसरीकडे दोरखंड असंच असायचं. शेवटी ऐंशी ओलांडलेल्या त्या आजी खाली बसल्या, आणि नजर भलतीकडे, तोंडाने गप्पा चालू, तरी सलग वीतभर नाही, हातभर लांब धागा! एका मुलीने विचारलं, हा गांधीजींचा चरखा ना? हो म्हणता म्हणता मी थांबले. फोटोत चरख्यापाशी बसलेले गांधीजी आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण चरखा हे तर बायकांचं अवजार. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी सूत काढलं ते बायकांनीच. मग गांधीजींच्या घरातल्या बाईचं आणि या चाकाचं नातं काय होतं? त्या दिवशी मी भाषणात जे सांगितलं, तेच इथे थोडं सविस्तर लिहिते आहे.

कस्तुरबांचा जन्म १८६९ चा, पोरबंदरचा. वडील गोकुळदास कपाडिया मोठे व्यापारी, कापूस आणि कापडाचाही त्यांचा व्यापार होता. म्हणजे खात्यापित्या घरातली लेक. पण मुलींना शाळेत घालायची रीत नव्हती, त्यामुळे अक्षरओळख शून्य. तेराव्या वर्षी लग्न झालं. नवरा त्यांच्यापेक्षा काही महिन्यांनी लहानच! कापडाच्या व्यापाऱ्याची ही मुलगी, पण तिच्या बालपणी चरख्याचा आवाज फारसा उरलाच नव्हता. विलायती गिरण्यांचं स्वस्त सूत आणि कापड गावोगाव पोचलं होतं आणि घरी सूत काढून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांच्या हातचं काम गेलं होतं. चरखे माळ्यावर चढले होते, आमच्या आजींकडच्यासारखेच.

पहिलं मूल जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. पुढे हरिलाल, मणिलाल, रामदास, देवदास असे चार मुलगे झाले. नवरा शिकायला विलायतेला, मग वकिलीसाठी दक्षिण आफ्रिकेला. १८९७ च्या सुरुवातीला त्या मुलांना घेऊन नवऱ्याबरोबर आफ्रिकेला पोचल्या. तिथला संसार सोपा नव्हता. घरी राहणाऱ्या कारकुनांची शौचाची भांडी साफ करण्यावरून एकदा असा वाद झाला, की नवऱ्याने त्यांना हात धरून दारापर्यंत ओढत नेलं. ही गोष्ट गांधीजींनी स्वतःच आपल्या आत्मकथेत, शरमेने, लिहून ठेवली आहे.

मला मात्र दुसरी एक गोष्ट जास्त लागते. १९०१ साली ते सगळे भारतात परत यायला निघाले, तेव्हा तिथल्या हिंदी लोकांनी प्रेमाने भेटी दिल्या. त्यात पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार होता आणि तो खास कस्तुरबांसाठी होता. गांधीजींना रात्रभर झोप लागली नाही. समाजसेवेबद्दल मिळालेलं सोनं घरात ठेवायचं कसं? सकाळी त्यांनी आधी मुलांना पटवलं आणि मग बायकोकडे आले. बा अडून बसल्या. मुलं घालणार नाहीत हे खरं, पण उद्या सुना येतील त्यांचं काय, असा त्यांचा सवाल होता. आपले दागिने तर आधीच उतरवले गेलेत, याचीही त्यांनी आठवण करून दिली. आणि सगळ्यात नेमका मुद्दा हा, की नवऱ्याने लोकांची सेवा केली असेल, पण त्या लोकांचा राबता घरात असताना रात्रंदिवस राबलं कोण? ती सेवा नव्हे का? मैत्रिणींनो, कोणत्याही कोर्टात हा दावा टिकला असता. पण हार गेला. सगळ्या भेटी बँकेत ठेवून त्यांचा विश्वस्त निधी केला. गांधीजींना त्या निर्णयाचा कधी पश्चात्ताप झाला नाही आणि बांनाही पुढे तो पटला, असं ते लिहितात. बांनी स्वतः याबद्दल काही लिहून ठेवल्याचं मला ठाऊक नाही. लिहिणाऱ्याची बाजू आपल्यापर्यंत येते, दुसरी अंदाजाने ओळखावी लागते.

१९१३ साली आफ्रिकेतल्या एका न्यायाधीशाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं कायद्याने धरायची नाहीत असा निकाल दिला. म्हणजे तिथल्या सगळ्या हिंदी बायका एका फटक्यात बिनलग्नाच्या ठरल्या! त्याविरुद्ध सत्याग्रह करून बा तुरुंगात गेल्या, तीन महिने सक्तमजुरी. सुटल्या तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. हे सगळं १९१५ साली भारतात परतण्याच्या आधीचं. तेव्हा बा नवऱ्याच्या मागे मुकाट चालत गेल्या असं कोणी म्हणालं, तर मला राग येतो. त्या भांडायच्या, अडायच्या, वेळ घ्यायच्या. अहमदाबादच्या आश्रमात अस्पृश्य मानलेलं कुटुंब राहायला आलं तेव्हाही त्या आधी नाराजच होत्या. ते चुकीचंच होतं, पण पुढे त्याच कुटुंबातल्या लहान लक्ष्मीला त्यांनी आपली म्हणून वाढवलं.

आता चरख्याकडे येते. पण चरख्याच्या आधी चंपारण येतं. १९१७ साली बिहारमधल्या त्या जिल्ह्यात नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी काम सुरू होतं आणि गावोगाव शाळा काढायच्या होत्या. आपल्याकडून मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन या कामाला गेल्या होत्या. त्या काळात, इतक्या लांब! बा भितिहरवा नावाच्या खेड्यात होत्या. तिथल्या बायकांचे कपडे फार मळलेले दिसायचे. कपडे का धुवत नाही हे विचारायला गांधीजींनी बांना पाठवलं. एका बाईने बांना आपल्या झोपडीत नेलं आणि दाखवलं, की इथे ना पेटी आहे ना कपाट. अंगावर आहे ती एकच साडी. धुवायची कधी आणि तोवर नेसायचं काय?

हा प्रसंगही गांधीजींनीच लिहिलेला. पण त्या झोपडीत आत गेल्या होत्या बा. बाईने बाईला घरात नेऊन दाखवलेली गोष्ट आहे ती. मीही वस्तीत सर्व्हेला जाते. दारात उभं राहून प्रश्न विचारले की फॉर्म भरतो. आत बोलावलं की मग खरं कळतं.

गंमत म्हणजे तोवर गांधीजींना चरखा मिळालेलाच नव्हता. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहिलं तेव्हा आपण चरखा डोळ्यांनी पाहिल्याचंही आठवत नाही, असं त्यांनी पुढे कबूल केलंय. आश्रमात हातमाग बसवले, पण त्यावर सूत गिरणीचं. हाताने सूत काढणारं कोणी सापडेना. चरखा अखेर शोधून काढला तो गंगाबेन मजमुदार या विधवा बाईंनी. १९१७ मध्ये भडोचच्या एका परिषदेत त्यांची गांधीजींशी भेट झाली. शिक्षण बेताचं, पण हिंमत केवढी! सोबत कुणाला न घेता त्या सगळीकडे फिरायच्या, घोड्यावर सहज बसायच्या. गुजरातभर हिंडून त्यांनी बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखे हुडकले. घराघरांत होते, पण अडगळीत. तिथल्या बायका म्हणाल्या, सूत काढू, पण पेळू नियमित द्या आणि सूत विकत घ्या. किती व्यवहारी बोलणं! आज बचत गटात आमच्या बायका पापडाबद्दल हेच म्हणतात. माल कोण घेणार ते आधी सांगा.

पेळू सुरुवातीला मुंबईच्या उमर सोबानींच्या गिरणीतून आले, मग गंगाबेननी पिंजारीही शोधला. आश्रमात मगनलाल गांधींनी चरख्यात सुधारणा केल्या. पहिल्या खादीला वाराला सतरा आणे खर्च आला, म्हणजे गिरणीच्या कापडापुढे भलतीच महाग. शिवाय जाडीभरडी आणि अरुंद पन्ह्याची. पुरुषांचं धोतर एक वेळ आखूड चालेल, पण साडीचं काय? जाड सुताची सहावारी नेसून चूल, पाणी, दळण करायचं म्हणजे अंगावर ओझंच. खादी घेणं बायकांना पुरुषांपेक्षा अवघड होतं, हे आपण पटकन विसरतो.

मी वहीत साधा हिशेब करून पाहिला. पन्हा ४५ इंच आणि इंचात ४० उभे तार धरले, तर १८०० तार झाले. साडीची लांबी पाच मीटर म्हटली तर नुसते उभे तार नऊ किलोमीटर. आडवे साधारण तेवढेच. म्हणजे एका साडीला अठरा किलोमीटर सूत! आमच्या गावाहून तालुक्याला जाऊन अर्ध्या वाटेत परत यावं एवढं. आणि ते सगळं चिमटीतून, हात-हातभर.

बा सूत कातायला शिकल्या आणि मग त्यांनी ते सोडलं नाही. आश्रमाचा स्वयंपाक, आलेगेले, आजारी माणसं हे सगळं सांभाळून रोजचं सूत. १९२२ च्या मार्चमध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा लोक हवालदिल झाले होते. त्या वेळी बांनी स्वतःच्या नावाने देशाला निवेदन काढलं. त्यात रडगाणं नव्हतं. परदेशी कापड सोडा, बायकांनी सूतकताई हे कर्तव्य माना आणि व्यापाऱ्यांनी परदेशी कापडाचा व्यापार थांबवा, एवढंच सांगणं होतं. लग्नाच्या वेळी अक्षरओळख नसलेली बाई आता देशाला काम सांगत होती. १९२४ च्या डिसेंबरमध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तिथे तर सभासद व्हायचं तर महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं असा नियम आला. पुढाऱ्यांची काय तारांबळ उडाली असेल! बायकांना मात्र यात पहिल्यांदाच असं काहीतरी मिळालं जे त्या पुरुषांपेक्षा बरं करू शकत होत्या, तेही घराच्या ओसरीवर बसून. आणि गरीब बाईला मजुरीही मिळत होती, थोडी असली तरी स्वतःच्या हातची.

नेमकी इथेच मला ती चार रुपयांची गोष्ट आठवते. आश्रमाचा नियम असा, की कुणी काही भेट दिली तरी ती आश्रमाच्या खात्यात जमा करायची. बांनी वेळोवेळी मिळालेले शे-दोनशे रुपये स्वतःजवळ ठेवले होते. ते उघडकीला आले, बांनी चूक मानली. त्यानंतर पुन्हा एका अनोळखी माणसाने दिलेले चार रुपये जमा करायचे राहिले. १९२९ साली गांधीजींनी हे सगळं आपल्या वर्तमानपत्रात छापलं. बायकोची चूक, जगजाहीर.

गांधीजींबद्दल मला अपार आदर आहे. स्वतःच्या चुकाही ते तितक्याच उघडपणे मांडायचे, हेही खरं. तरी हे वाचताना माझा घास घशात अडकतो. आमच्या गटातली एक बाई पन्नास-पन्नासच्या नोटा डाळीच्या डब्यात ठेवायची, नवऱ्याला कळू नये म्हणून. चोरी नव्हती ती, मुलीच्या फीची सोय होती. बांनी ते पैसे कशासाठी ठेवले असतील? एखाद्या नातवाच्या हातावर खाऊला काही ठेवावं म्हणून? कुणास ठाऊक. देशातल्या लाखो बायकांना हातचे चार पैसे मिळावेत म्हणून ज्या घरात चरखा फिरत होता, त्या घरातल्या बाईला चार रुपयेही स्वतःचे नव्हते. नियम सगळ्यांना सारखा होता, मान्य. पण तो नियम केला कुणी, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

पुढची वर्षं धावपळीची. १९३० नंतर दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निदर्शनं, खेड्यापाड्यांतून फिरणं, पुन्हा पुन्हा तुरुंग. सेवाग्रामला जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली, कारण सगळ्यांच्या गर्दीत या बाईला पदर सैल करून बसायलाही जागा नव्हती! वर्ध्याला गेलात तर बा कुटी जरूर पाहा. इतकी लहान, इतकी नीटनेटकी. १९३९ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर त्या राजकोटच्या सत्याग्रहात पकडल्या गेल्या.

आणि मग ऑगस्ट १९४२. गांधीजींना पहाटे पकडलं. संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांच्या जागी आपण बोलणार असं बांनी जाहीर केलं आणि त्यांनाही अटक झाली. पुण्याचा आगाखान पॅलेस हा त्यांचा शेवटचा तुरुंग. काही दिवसांतच, १५ ऑगस्टला, मुलासारखे असलेले महादेवभाई देसाई तिथे गेले. बांनी त्याचा फार धसका घेतला. तरी दिवस काढत होत्या. सूत चालू होतं, तुळशीची पूजा चालू होती, कॅरम खेळायच्या, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी नवऱ्याकडून धडेही घेत होत्या! मग छातीचं दुखणं वाढलं, चरखा बंद झाला.

त्यांच्याजवळ एक साडी होती. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची, लाल काठांची. आपल्याला शेवटी याच साडीत न्यायचं, हे त्यांनी जवळच्या माणसांना सांगून ठेवलं होतं. सेवेला आलेल्या मनूला त्या साडीची काळजी घ्यायला लावली होती. हार गेला, रुपये गेले, पण ही साडी त्यांनी कुणाला विचारून ठेवली नाही. अठरा किलोमीटरचा माझा हिशेब मला इथे पुन्हा आठवतो. आयुष्यभर या बाईकडून घेत आलेल्या माणसाने हात-हातभर करत तिच्यासाठी दिलेली ही वस्तू होती, आणि ती त्यांना सोन्याच्या हारापेक्षा मोलाची वाटली असावी.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीची संध्याकाळ. गांधीजींच्या मांडीवर बांनी प्राण सोडला. सरकारने बाहेर अंत्ययात्रा काढू दिली नाही. पॅलेसच्या आवारातच, मोजक्या माणसांसमोर, देवदासने अग्नी दिला. अंगावर तीच साडी होती. राखेत त्यांच्या काचेच्या बांगड्या अखंड सापडल्या, असं सांगतात. महादेवभाईंच्या शेजारी त्यांची समाधी आहे.

त्यांच्या नावाने लोकांनी निधी जमवायला घेतला. ठरवले होते पंचाहत्तर लाख, जमले एक कोटीच्या वर. तो सगळा खेड्यातल्या बायका-मुलांसाठी. महाराष्ट्रात सासवडच्या प्रेमाबाई कंटकांनी त्या कामाला वाहून घेतलं.

आमच्या कार्यक्रमाला, सांगायचं राहिलंच, चाळीसेक बायका आल्या. निम्म्या चरखा बघायला. आजींनी पेटी परत नेली नाही, मंडळातच राहू दे म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून काढलेलं सूत माझ्या कपाटात एका पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवलंय. कुठे जाड, कुठे बारीक, गाठीच गाठी. परवा मोजलं. अकरा मीटर भरलं.